बीवायडी सील: डायनॅमिक, प्रीमियम की परफॉर्मन्स? जास्तीचे पैसे नेमके कुठे जातात?

एकाच गाडीचे तीन व्हेरिएंट शोरूममध्ये शेजारी उभे केले, तर बाहेरून फारसा फरक कळत नाही. किमतीत मात्र १२ लाखांचं अंतर! बीवायडीने मार्च २०२४ मध्ये सील ही इलेक्ट्रिक सेडान भारतात आणली, तेव्हा डायनॅमिक ४१ लाख, प्रीमियम ४५.५५ लाख आणि परफॉर्मन्स ५३ लाख रुपये अशा एक्स-शोरूम किमती होत्या. पेट्रोल गाडीत वरचं व्हेरिएंट म्हणजे बऱ्याचदा सनरूफ आणि मोठी स्क्रीन. इथे मात्र बॅटरी आणि मोटरच बदलते. चला, एकेक टप्पा पाहूया.

पहिला टप्पा: मोठी बॅटरी

डायनॅमिकमध्ये ६१.४४ किलोवॅट-अवर क्षमतेची बॅटरी आहे, तर प्रीमियममध्ये ८२.५६ ची. त्यामुळे कंपनीने सांगितलेली रेंज ५१० वरून ६५० किलोमीटरवर जाते. दोन्हींत एकच मोटर आहे आणि ती मागच्या चाकांना फिरवते. पण डायनॅमिकची मोटर २०४ पीएसची आणि प्रीमियमची ३१३ पीएसची. ० ते १०० चा वेग गाठायला डायनॅमिकला ७.५ सेकंद लागतात, प्रीमियमला ५.९. फास्ट चार्जिंगची कमाल क्षमताही ११० किलोवॅटवरून १५० वर जाते. म्हणजे ४.५५ लाखांत रेंज, ताकद आणि चार्जिंग अशा तिन्ही गोष्टी वाढतात.

दुसरा टप्पा: दुसरी मोटर

परफॉर्मन्समध्ये बॅटरी प्रीमियमचीच असते. मागची ३१३ पीएसची मोटरही तीच. फरक हा की पुढच्या चाकांसाठी आणखी एक मोटर बसवलेली असते. दोन्ही मिळून ५३० पीएस, ६७० न्यूटन-मीटर टॉर्क आणि ० ते १०० फक्त ३.८ सेकंदांत!

या दोन मोटरी एकसारख्या नसतात. मागची कायमचुंबक असलेली, म्हणजे कमी विजेत जास्त काम करणारी. पुढची इंडक्शन प्रकारची. तिच्यात चुंबक नसतं, त्यामुळे गरज नसताना वीज बंद केली की ती जवळपास मोकळी फिरते, चाकांना अडवत नाही. रोजच्या चालवण्यात मागची मोटर राबते आणि जोर लागला की पुढची मदतीला येते.

तरीही ही ताकद फुकट मिळत नाही. जास्तीची मोटर आणि तिचे भाग मिळून गाडी सुमारे १३० किलोंनी जड होते. बॅटरी तीच असूनही रेंज ६५० वरून ५८० किलोमीटरवर येते. थोडक्यात, ७.४५ लाख रुपये जास्त देऊन ७० किलोमीटर कमी!

हे सॉफ्टवेअरने होणार नाही का?

हा प्रश्न बरोबर आहे. टेस्लाने २०१९ मध्ये मॉडेल ३ च्या दोन मोटरवाल्या लाँग रेंज गाडीसाठी २,००० डॉलरमध्ये वेग वाढवणारं सॉफ्टवेअर अपडेट विकलं होतं. ते शक्य झालं, कारण दोन्ही मोटरी गाडीत आधीपासूनच होत्या. सीलच्या प्रीमियममध्ये पुढची मोटरच नाही. जे बसवलेलंच नाही, ते अपडेटने कुठून येणार? म्हणून हा निर्णय बुकिंग करतानाच घ्यावा लागतो.

मग घ्यायची कोणती?

बरेच जण म्हणतात, "पावसात घाट चढायचा तर चारही चाकांना ताकद हवीच." यात अर्धं तथ्य आहे. ओल्या रस्त्यावर गाडी जागची उचलताना किंवा चढावर जोर लावताना चारही चाकांचा फायदा नक्की होतो. चाक घसरू लागलं की टॉर्क लगेच आवरणारी आयटॅक यंत्रणाही परफॉर्मन्समध्ये आहे. पण उतारावर ब्रेक मारताना ही जास्तीची मोटर रस्त्यावरची पकड वाढवत नाही. ब्रेक तर सगळ्याच गाड्यांचे चारही चाकांना असतात. तिथे पकड टायरची, आणि टायरचा आकार प्रीमियम व परफॉर्मन्समध्ये सारखाच आहे. वर वजन जास्त. त्यामुळे "जास्त पीएस म्हणजे जास्त सुरक्षित" हा हिशोब चुकीचा आहे.

लांबचे प्रवास जास्त असतील तर प्रीमियम सगळ्यात समतोल वाटते. शहरापुरतीच गाडी हवी असेल तर डायनॅमिकची रेंजही पुरेशी आहे. आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर पाठ सीटला चिकटण्याचीच हौस असेल, तर परफॉर्मन्स. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण इथे ते आहे: ७.४५ लाख. टेस्ट ड्राइव्ह मात्र प्रीमियमची आधी घ्या. ५.९ सेकंदांतच समाधान झालं, तर तेवढे पैसे वाचले!