टायर आधी, लिफ्ट मग

जिम्नी किंवा थार घरी आली की लिफ्ट किटचा विषय निघायला वेळ लागत नाही. दोन इंचांचे घ्यावे की तीन इंचांचे, बसवून किती पडेल, अशी चर्चा रंगते आणि टायरचा प्रश्न मागाहून येतो. हा क्रम उलटा आहे. गाडी नेमकी कुठे अडते ते आधी पाहावे, त्यावरून टायर ठरवावा आणि तो टायर बसण्यापुरतीच लिफ्ट घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामागचे कारण गाडीखाली वाकून पाहिले की समजते.

जिम्नीचे पुढचे आणि मागचे दोन्ही ॲक्सल अखंड आहेत. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत एकच जाड नळी आणि तिच्यात डिफरन्शियलचा फुगीर गोळा. कंपनी २१० मिमी ग्राउंड क्लिअरन्स सांगते. खडकाळ वाटेवर दगड लागतो तो बहुधा या गोळ्यालाच. लिफ्ट किटमध्ये लांब स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे शॉक ॲब्सॉर्बर असतात. ते ॲक्सल आणि चेसिस यांच्या मध्ये बसतात, त्यामुळे चेसिस वर जाते, ॲक्सल मात्र होता तिथेच राहतो. म्हणजे दोन इंचांच्या लिफ्टने गाडी कितीही रुबाबदार दिसली तरी गोळ्याखालची जागा एक मिलिमीटरनेही वाढत नाही. ती वाढते फक्त टायरने, तीही टायरच्या व्यासात जेवढी भर पडली तिच्या निम्मीच. जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५ आहे. रुंदी १९५ मिमी. तिच्या ८० टक्के, म्हणजे १५६ मिमी, साइडवॉलची उंची. ती दोनदा धरायची आणि त्यात १५ इंचांची, म्हणजे ३८१ मिमीची रिम मिळवायची. एकूण व्यास झाला ६९३ मिमी. त्याऐवजी २३५/७५ आर १५ घातला, तर त्याच हिशेबाने व्यास सुमारे ७३३ मिमी होतो. वाढ चाळीस मिमीची. गोळ्याखाली मिळाले वीस.

मग लिफ्ट निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. गोळा सुटतो पण दोन चाकांच्या मधले पोट बांधावर टेकते, अशी अडचण असेल तर लिफ्ट हेच त्यावरचे उत्तर आहे. परदेशातल्या तीन दरवाजांच्या जिम्नीचा व्हीलबेस २२५० मिमी आहे, भारतात २०२३ साली आलेल्या पाच दरवाजांच्या गाडीचा २५९० मिमी. या लांबीमुळे रॅम्पओव्हर, म्हणजे पोट न टेकवता उंचवटा ओलांडण्याचा कोन, २८ अंशांवरून २४ वर आला. भूमितीने पाहता पन्नास मिमीची लिफ्ट यात सुमारे चार अंशांची भर घालते, म्हणजे गमावलेले जवळजवळ सगळे परत मिळते. दुसरा उपयोग जागेचा. चाक पूर्ण वळलेले आणि स्प्रिंग पूर्ण दबलेली असताना मोठा टायर फेंडरला घासू नये, एवढी उंची लागतेच. पण ती टायरने ठरवायची असते, हौसेने नव्हे.

कारण लिफ्टची खरी किंमत बिलावर दिसत नाही. जिम्नीच्या ॲक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणारा एक तिरका दांडा असतो, त्याला पॅनहार्ड रॉड म्हणतात. त्याचे एक टोक चेसिसला, दुसरे ॲक्सलला, आणि लांबी ठरलेली. चेसिस वर गेली की दांडा जास्त तिरका होतो आणि अख्खा ॲक्सल एका बाजूला ओढतो. शिवाय पुढचा ॲक्सल किंचित फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ व्हावे म्हणून दिलेला हा कल असतो. मग हायवेवर गाडी सरळ ठेवायला सतत हात चालवावा लागतो. यासाठी लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड, कॅस्टर सुधारणारे बुश आणि लिफ्टच्या उंचीनुसार लांब ब्रेक होज लागतात. नुसते स्पेसर घालून गाडी उचलून देणाऱ्याला हे प्रश्न विचाराच. नव्या थारची गोष्ट थोडी वेगळी: तिचे पुढचे सस्पेन्शन स्वतंत्र असल्याने पुढचे डिफरन्शियल चेसिसबरोबर वर जाते, पण ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांवर वाकडा ताण येतो, आणि मागचा अखंड ॲक्सल खालीच राहतो. गुरुत्वमध्य तर दोन्ही गाड्यांत वर जातो, आणि आडव्या उतारावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो.

मोठा टायरही फुकट मिळत नाही. वरच्या उदाहरणात व्यास जवळपास सहा टक्के वाढला, म्हणून स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा वेग १०६ च्या आसपास असतो. गिअरही तेवढेच लांबतात. दीड लिटर पेट्रोल इंजिनाच्या १३४ न्यूटन-मीटर टॉर्कला भरल्या गाडीने घाट चढताना हे जाणवते, आणि फोर-लोमध्ये उतरताना इंजिनाचा रोध कमी पडतो. टायर जड, ब्रेक मात्र तेच. म्हणून आकाराआधी नक्षीचा विचार करावा. देशावरची काळी माती नक्षीच्या खाचांत गच्च बसते. मड टेरेनच्या रुंद खाचा ती भिरकावून देतात, पण ओल्या डांबरावर तोच टायर कमी धरतो आणि आवाजही करतो. ज्याची बहुतेक धाव डांबरावर आहे त्याने ऑल टेरेनच घ्यावा. शिवाय वाळूत किंवा सुट्या दगडांत हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवली की टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांब होतो आणि पकड लगेच वाढते. त्यासाठी लागतो एक प्रेशर गेज आणि छोटा कॉम्प्रेसर; डांबरी रस्त्यावर येण्याआधी हवा पुन्हा भरायची एवढेच पथ्य.

गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमधल्या उंच गाड्यांचा दाखला कुणी देईल. त्या गाड्या विंचसकट स्पर्धेसाठीच बांधलेल्या असतात; मुलांना शाळेत सोडण्याचे काम त्यांच्याकडे नसते. परदेशात लोक जिम्नी सर्रास उचलतात, हा दुसरा मुद्दा. तिथेही ऑस्ट्रेलियासारख्या देशात ठरावीक मर्यादेपलीकडच्या लिफ्टसाठी अभियंत्याचे प्रमाणपत्र लागते. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे: उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ उचलून धरला आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. अपघातानंतर विम्याचा दावा अडकण्याची भीती वेगळीच.

तेव्हा वर्षातून काही वेळाच कच्च्या वाटेवर जाणाऱ्याने मूळ मापाचे चांगले ऑल टेरेन टायर घ्यावेत आणि एक पूर्ण पावसाळा त्यांच्यावर काढावा. त्यानंतरही पोट टेकत असेल, तर किटचे पैसे भरण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांकडून लेखी उत्तर घ्या.