कोयता, चाकू आणि दुचाकी प्रवास (जव्हार–मोखाडा)

महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या डोंगराळ तालुक्यांत दुचाकीस्वार सोबत जी धारदार हत्यारे बाळगतात, ती मुख्यतः दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार स्थानिक शेतकऱ्याचा व मजुराचा कोयता होय. तो कमरेला बांधलेल्या लाकडी आकडीत अडकवलेला असतो. दुसरा प्रकार मुंबई, ठाणे, नाशिक या शहरांकडून येणाऱ्या प्रवाशाचा घडीचा चाकू होय. दोन्हींची घडण, उपयोग, वाहनावरील धोके आणि कायद्यातील स्थान वेगवेगळे आहे. 'हत्यार' हा मराठी शब्द अवजार आणि शस्त्र या दोन्ही अर्थांनी वापरला जातो, आणि या विषयातील बहुतेक प्रश्न याच दुहेरी अर्थापाशी येऊन थांबतात.

प्रदेश आणि रस्ते

जव्हार हे १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचे संस्थान होते. विलीनीकरणानंतर हा भाग ठाणे जिल्ह्यात आला व १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निर्माण झाल्यावर त्यात समाविष्ट झाला. दोन्ही तालुक्यांतील बहुसंख्य लोकसंख्या अनुसूचित जमातींची असून वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी या येथील प्रमुख जमाती आहेत. दोन्ही तालुक्यांतून रेल्वे जात नाही. मुंबईकडून मनोर–विक्रमगडमार्गे जव्हारला किंवा कसारा–विहिगावमार्गे खोडाळ्याला येता येते. नाशिककडून येणारा रस्ता त्र्यंबकेश्वर सोडल्यावर तोरंगण घाटातून मोखाड्याकडे उतरतो.

गावे पाड्यांत विखुरलेली आहेत. मुख्य रस्त्यापासून पाड्यापर्यंतची वाट अनेक ठिकाणी अरुंद, चढ-उताराची आणि पावसाळ्यात चिखलाची असते. एसटीची फेरी चुकली, तर पायी चालणे, सामायिक जीप किंवा दुचाकी हेच पर्याय उरतात. म्हणूनच या भागातील दुचाकी हे हौसेचे वाहन नाही. शंभर-सव्वाशे घनसेंटिमीटर क्षमतेच्या साध्या मोटारसायकलीवरून भाताचे बियाणे, खताची गोणी, आजारी माणूस आणि बाजारहाट अशी सर्व वाहतूक चालते. शेतीकामाला निघालेल्या माणसासोबत कोयताही त्याच वाहनावरून प्रवास करतो.

आकडी आणि कोयता

कोयता आणि विळा यांत अनेकदा गल्लत होते. विळ्याचे पाते पातळ व अधिक वाकलेले असते आणि तो गवत वा भात कापण्यासाठी वापरतात. कोयत्याचे पाते जाड असून टोकाकडे आतल्या बाजूस वळलेले असते. वजन पुढच्या भागात असल्यामुळे घाव घालताना हाताला फार जोर लावावा लागत नाही. पात्याचे निमुळते शेपूट लाकडी मुठीत ठोकून बसवतात. गावचा लोहार अनेकदा ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांचे पोलाद वापरतो. हे पोलाद चिवट असते आणि भट्टीत तापवून 'पाणी दिल्यावर' धार टिकवून धरते. पुढील देखभाल घरीच निसण्यावर होते.

येथील शेतीत कोयत्याला पर्याय नाही. नाचणी, वरई व भात यांची रोपे वाढवण्यासाठी जमीन राबतात, म्हणजे झाडांच्या फांद्या, पालापाचोळा व शेण पसरून ती जाळतात. या 'राबा'साठी उन्हाळ्यात फांद्या तोडाव्या लागतात. याशिवाय बांबू तोडणे व चिरणे, कुडाच्या भिंती उभारणे, कुंपण घालणे, सरपण फोडणे, वाटेतील काटेरी झुडपे दूर करणे ही सर्व कामे एकाच हत्याराने होतात.

कोयता अडकवण्याची आकडी हे एक साधे, पण विचारपूर्वक घडवलेले साधन आहे. खाच असलेला लाकडाचा तुकडा दोरीने कमरेला बांधतात व तो पाठीमागच्या बाजूस ठेवतात. खाचेत पाते सरकवले की मूठ वर राहते आणि पाते खाली लोंबते. दोन्ही हात मोकळे राहतात. चढण चढताना, झाडावर जाताना किंवा डोक्यावर भारा घेतलेला असतानाही हात मागे नेऊन कोयता काढता येतो. पाठीमागे हत्यार अडकवण्याची अशीच रीत कर्नाटकातील कोडगू भागात आढळते. तेथील कोडव पुरुष 'ओडिकत्ती' हा रुंद कोयता कमरेमागील धातूच्या पकडीत अडकवतात. मात्र तेथे ती आता मुख्यतः समारंभी पोशाखाचा भाग आहे, तर जव्हार-मोखाड्यातील आकडी रोजच्या कामाची आहे.

आकडी चालणाऱ्या माणसासाठी घडवलेली आहे, बसणाऱ्यासाठी नाही. उभ्या माणसाच्या पाठीमागे कोयता मोकळा लोंबतो. दुचाकीवर बसल्यावर मात्र त्याचे टोक आसनावर टेकते, मूठ वर ढकलली जाते आणि खड्ड्यात दणका बसला की पाते खाचेतून निसटू शकते. मागे दुसरा माणूस बसला असल्यास उघडे पाते चालकाची पाठ आणि मागच्याचे पोट यांच्या मधोमध येते. ओल्या वळणावर वाहन घसरल्यास चालक सहसा कुशीवर किंवा पाठीवर घसटत जातो, म्हणजे नेमका जेथे कोयता आहे त्याच बाजूवर. चालताना जी रचना सर्वांत सोयीची, तीच वाहनावर सर्वांत धोक्याची ठरते.

यावरचा उपाय खर्चिक नाही. वाहनावर बसण्यापूर्वी कोयता आकडीतून काढून पाते गोणपाटाच्या जाड घडीत, चामड्याच्या म्यानात किंवा उभ्या चिरलेल्या जुन्या टायरच्या तुकड्यात गुंडाळावे आणि ट्यूबच्या पट्टीने आवळावे. नंतर तो वाहनाच्या लांबीच्या दिशेने, धार खाली व टोक मागे ठेवून सामानाच्या कॅरिअरला दोन ठिकाणी बांधावा. तो आडवा बांधल्यास अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्याला किंवा पायी चालणाऱ्याला लागू शकतो. हँडलला अडकवलेला कोयता तर वळताना टाकीला अडतो व वाहनावरील ताबा जातो.

घडीचा चाकू

दाभोसा धबधबा, सूर्यमाळ किंवा खोडाळ्याकडे पावसाळ्यात येणाऱ्या शहरी दुचाकीस्वारांच्या सामानात घडीचा चाकू किंवा अनेक अवजारे एकत्र असलेली पक्कड असते. अशा चाकूंचा जागतिक नमुना म्हणजे स्विस सैन्याचा चाकू. स्विस सैन्याने १८९१ मध्ये सैनिकांसाठी घडीचा चाकू स्वीकारला, तर कार्ल एल्सेनर यांच्या 'अधिकारी चाकू'ची नोंदणी १२ जून १८९७ रोजी झाली. फ्रान्समधील ओपिनेल चाकूचा आरंभ १८९० च्या सुमाराचा आहे. १९५५ मध्ये त्याला फिरती कडी जोडण्यात आली, जिच्यामुळे उघडलेले पाते अडून राहते. भारतीय चित्रपटांतून परिचित झालेला रामपुरी चाकू हाही घडीचाच, पण त्याची ख्याती अवजारापेक्षा शस्त्र म्हणून झाली.

सर्व घडीच्या चाकूंचे पाते उघडल्यावर पक्के अडत नाही. स्विस पद्धतीच्या अनेक लहान चाकूंत पाते केवळ स्प्रिंगच्या दाबावर उभे राहते. पात्याच्या पाठीवर जोर आल्यास ते बोटांवर मिटते. असा चाकू घाव घालण्यासाठी किंवा टोकाने खुपसून छिद्र पाडण्यासाठी वापरू नये. जाड फांदी तोडण्याच्या कामी घडीचा चाकू कोयत्याची बरोबरी करू शकत नाही.

दुचाकीच्या बिघाडात चाकूचा उपयोग समजला जातो त्याहून कमी असतो. ट्यूबविरहित टायरचे छिद्र रबरी चिकट पट्टीने बुजवल्यावर बाहेर उरलेले टोक कापणे, सामानाची अडकलेली दोरी तोडणे, तारेवरील प्लॅस्टिकचे आवरण सोलणे, फाटलेल्या नळीचा खराब भाग छाटणे ही त्याची खरी कामे आहेत. मात्र तारांच्या आरीचे चाक असलेल्या बहुतेक साध्या मोटारसायकलींत ट्यूब असते. तेथे पंक्चर काढण्यास चाक सोडवावे लागते, म्हणजे पाना, टायर उचकटण्याची पट्टी आणि हवेचा पंप लागतो. घाटात अडकलेल्या माणसाला चाकूआधी पाना आठवतो.

चाकू पँटच्या खिशात ठेवण्याची सवयही योग्य नाही. अपघातात मांडी किंवा नितंबावर पडल्यास खिशातील कठीण वस्तू शरीरात रुतते. चाकू मिटवून सामानाच्या पिशवीत, पण वरच्या कप्प्यात ठेवणे हितकारक असते.

अपघात आणि आणीबाणीतील उपयोग

साडीचा पदर किंवा ओढणी मागच्या चाकात वा साखळीत अडकणे हा भारतातील दुचाकी प्रवासाचा जुना धोका आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ प्रमाणे दुचाकीला मागे बसणाऱ्यासाठी पकड, पाय ठेवण्याची जागा आणि चाकाचा निम्म्याहून कमी नसलेला भाग झाकणारे संरक्षण असणे आवश्यक आहे. यालाच बोलीत 'साडी गार्ड' म्हणतात. सामान लादण्यासाठी अनेकजण ते काढून टाकतात. कापड अडकल्यास प्रथम इंजिन बंद करावे. कापड ओढू नये, कारण त्याने गळ्याभोवतीचा फास अधिक आवळतो. कापड चाकाजवळ कापावे, गळ्याजवळ नव्हे, आणि धार शरीरापासून दूर असावी. या कामाला टोकदार चाकूपेक्षा बोथट टोकाची कात्री अधिक सुरक्षित असते.

सर्पदंशात मात्र चाकूचा काहीही उपयोग नाही, आणि नेमक्या याच प्रसंगी तो बाहेर काढला जातो. दंशाच्या जागी चिरा देऊन रक्त काढण्याची समजूत अद्याप टिकून आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार विषारी सापांपैकी घोणस आणि फुरसे यांचे विष रक्त गोठण्याच्या क्रियेवर परिणाम करते. अशा वेळी दिलेली चीर वाहतच राहते. तिच्यातून विष बाहेर येत नाही, उलट जंतुसंसर्ग व धनुर्वाताची शक्यता वाढते. दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णाला लवकरात लवकर प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात नेणे हाच उपचार होय. या भागात जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय व मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय ही प्रमुख सरकारी रुग्णालये आहेत. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

येथे चाकूपेक्षा दुचाकी अधिक मोलाची ठरते. नेपाळच्या सखल भागात गावातील स्वयंसेवकांनी सर्पदंशाच्या रुग्णांना मोटारसायकलीवरून तातडीने उपचार केंद्रात नेण्याचा उपक्रम राबवला आणि त्यासोबत लोकशिक्षण केले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्या गावांत दंश झालेल्यांतील मृत्यूंचे प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आले. त्या पद्धतीत रुग्णाला चालक आणि मागे बसलेला मदतनीस यांच्यामध्ये धरून बसवत असत. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२८ नुसार दुचाकीवर चालकाखेरीज एकच व्यक्ती बसू शकते. रुग्णवाहिका न पोहोचणाऱ्या पाड्यांसाठी हा नियम आणि गरज यांतील पेच खराच आहे.

कायदेशीर स्थिती

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या व्याख्येतून केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू वगळल्या आहेत. या अधिनियमाखालील नियमांच्या अनुसूचीत ९ इंचांपेक्षा (सुमारे २२.९ सेंमी) लांब किंवा २ इंचांपेक्षा (सुमारे ५.१ सेंमी) रुंद पात्याची धारदार शस्त्रे येतात. तेथेही घरगुती, शेतकी, वैज्ञानिक व औद्योगिक उपयोगाची हत्यारे अपवाद आहेत. मोठा कोयता मापाने या मर्यादेबाहेर जाऊ शकतो, पण शेतीचे अवजार म्हणून त्याला परवाना लागत नाही. याउलट खटक्याचा चाकू मापाने लहान असूनही संशयास्पद ठरू शकतो. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने ७.६२ सेंमी किंवा अधिक लांबीच्या आणि १.७२ सेंमी किंवा अधिक रुंदीच्या पात्याचे असे चाकू नियंत्रणाखाली आणले.

महाराष्ट्रात याहून अधिक संबंध येतो तो महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ शी. सण, निवडणुका किंवा तणावाच्या काळात त्यातील पोटकलम (१) खाली मनाई आदेश काढून शस्त्रे, सुरे, काठ्या इत्यादी बाळगण्यास बंदी घालता येते. उल्लंघनास कलम १३५ नुसार शिक्षा आहे. अशा आदेशांत पात्याच्या मापाला महत्त्व उरत नाही.

हा फरक जव्हार-मोखाड्यातील स्थलांतरित मजुरांना विशेषत्वाने जाणवतो. खरिपाची कापणी संपल्यावर अनेक कुटुंबे वीटभट्ट्या व बांधकामांवरील कामासाठी भिवंडी, वसई, ठाणे परिसरात जातात. गावात ज्या कोयत्याकडे कोणी वळूनही पाहत नाही, तोच शहराच्या नाक्यावर प्रश्नाचा विषय होतो. २०२२ च्या अखेरीपासून पुण्यात कोयते घेऊन दहशत माजवणाऱ्या टोळ्यांच्या बातम्यांमुळे 'कोयता गँग' हा शब्दप्रयोग रूढ झाला. पोलिसांनी दुकानदारांना कोयता घेणाऱ्याचे ओळखपत्र पाहण्याच्या सूचनाही दिल्या. त्याच महाराष्ट्रात ऊसतोडणीच्या व्यवहारात 'एक कोयता' म्हणजे मजूर पती-पत्नीची जोडी असा अर्थ आहे. उघडा, हाताशी ठेवलेला कोयता आणि गुंडाळून सामानासोबत बांधलेला कोयता यांतून बाळगणाऱ्याचा हेतू वेगवेगळा दिसतो. त्यामुळे वर सांगितलेली बांधणीची पद्धत सुरक्षिततेबरोबरच या बाबतीतही उपयोगी पडते.

वनक्षेत्रातून जाताना आणखी एक बाजू असते. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार राखीव वनात झाडे तोडणे हा गुन्हा आहे, त्यामुळे कोयता व ताजे लाकूड एकत्र आढळल्यास चौकशी होते. वन हक्क अधिनियम, २००६ ने मात्र वननिवासींचा बांबूसह गौण वनोपजावरील मालकी हक्क मान्य केला आहे. २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे अशा वनोपजाच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेने नेमलेली समिती देऊ शकते. दुचाकीवरून बांबू नेणाऱ्याने तो परवाना सोबत ठेवावा.