मनोव्यथेचा संकेतांक

रोग्याच्या कागदावर डॉक्टर जे दोन शब्द लिहितो, त्यांचे पुढे काय होते याचा विचार सहसा कोणी करीत नाही. कागद दप्तरात गेला की काम संपले, अशीच समजूत असते. वस्तुतः त्या शब्दांचे एका संकेतांकात रूपांतर होते आणि विम्याची भरपाई, रजा, निवृत्तिवेतन, इतकेच नव्हे तर राष्ट्राची आरोग्यविषयक आकडेवारीही त्या अंकावर अवलंबून राहते. हाड मोडले तर क्ष-किरणांच्या चित्रात ते दिसते. मन मोडते तेव्हा मात्र सगळी भिस्त लेखणीवर असते.

पहिल्या महायुद्धात याचा फार कठोर प्रत्यय आला. अंगावर ओरखडाही नसलेले ब्रिटिश सैनिक तोफांच्या भडिमारातून थरथरत, वाचा बसून, स्मृती हरपून परतू लागले. १९१५ साली चार्ल्स मायर्स यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात अशा रोग्यांची हकीकत दिली व 'शेल शॉक' हा शब्द रूढ झाला. सैन्याने त्याचे दोन भाग पाडले. शत्रूच्या गोळ्याच्या स्फोटाने झालेला तो 'डब्ल्यू', म्हणजे जखमी. बाकीचा 'एस', म्हणजे नुसता आजारी. पहिल्यास बाहीवर जखमेची पट्टी आणि निवृत्तिवेतनाचा हक्क. दुसऱ्यास दोन्ही नाही. एका अक्षरावर माणसाची अब्रू आणि त्याच्या कुटुंबाची भाकर टांगलेली! पुढे १९१७ मध्ये तो शब्द अहवालात लिहिण्यासच मनाई झाली. त्याच्या जागी 'अद्याप निदान नाही, मज्जाविषयक' अशा अर्थाची आद्याक्षरे आली आणि सैनिक खरोखर स्फोटाजवळ होता काय, याचा दाखला त्याच्या पलटणीच्या अधिकाऱ्याकडून छापील अर्जावर मागविण्यात येऊ लागला. रोगी इस्पितळात, अर्ज खंदकात! नाव बदलल्याने कोणाचे हात थरथरावयाचे थांबले नाहीत, हे सांगावयास नकोच.

रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा पाया झाक बर्तियाँ यांनी १८९३ साली घातला, तो मृत्यूच्या कारणांपुरता. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते हाती घेतले व सहाव्या आवृत्तीत मनोविकारांना प्रथमच जागा दिली. १९९० साली मान्य झालेल्या दहाव्या आवृत्तीत तीव्र ताणाच्या प्रतिक्रियांसाठी 'एफ ४३' हा गट आहे. काही तासांत वा दिवसांत ओसरणारी प्रतिक्रिया, आघातानंतर मागे लागलेला दीर्घ विकार, आणि बदललेल्या परिस्थितीशी जुळवून घेता न येणे, हे त्यातील मुख्य भेद. लक्षणे पुष्कळशी सारखीच. भेद ठरतो तो घटनेच्या स्वरूपावर व काळावर. म्हणून डॉक्टरने नुसते 'झोप येत नाही' असे लिहिले, तर अंक निद्रानाशाचा पडतो, आणि त्यामागचा अपघात किंवा पूर कागदावरून नाहीसा होतो.

२०२२ पासून अंमलात आलेल्या अकराव्या आवृत्तीने काही सीमारेषा हलविल्या. आघातानंतरची तात्कालिक प्रतिक्रिया आता मनोविकारांत मोडत नाही. कामाने आलेला थकवाही रोग म्हणून नोंदला जात नाही. उलट सहा महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या, समाजाच्या रीतीपलीकडे जाणाऱ्या शोकाला स्वतंत्र अंक मिळाला. 'समाजाच्या रीतीपलीकडे' ही अट शहाणपणाची आहे. ज्या घरात वर्षश्राद्धापर्यंत सणवार होत नाहीत, तेथील विधवेला सहाव्या महिन्यात रोगी ठरविणे अन्यायाचे होईल.

भारतात या अंकांना कायद्याचे पाठबळ आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजार ठरविताना राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय मान्यतेचे वैद्यकीय निकष, त्यांत हे वर्गीकरणही, आधारभूत मानले आणि शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विमा देणे बंधनकारक केले. पण विम्याचा कारकून रोग्याला पाहत नाही, तो कागद पाहतो. जे लिहिलेले नाही त्याला अंक देण्याचा अधिकार संकेतलेखकालाही नाही. नोंद अपुरी असली, तर उत्तर न सुचविता कागद डॉक्टरकडे परत पाठवावयाचा आणि विचारावयाचे: काय घडले, लक्षणे केव्हापासून, आणि रोगी कामावर जाऊ शकतो काय?