मे महिन्यातला माईक

आकाशवाणीच्या यवतमाळ केंद्रात बोलणारा माणूस वेगळा असतो आणि यंत्रं सांभाळणारा वेगळा. भिंतींना गाद्या-रजया लावून घरातल्या खोलीत जाहिराती, माहितीपट आणि श्राव्यपुस्तकं वाचणाऱ्याकडे मात्र ही दोन्ही खाती एकट्याचीच. 2017 मध्ये स्टोरीटेल भारतात आलं आणि मराठी पुस्तकं ऐकणाऱ्यांची संख्या वाढू लागली. 2020 च्या टाळेबंदीत नामवंत कलावंतांनीही कपड्यांच्या कपाटासमोर बसून रेकॉर्डिंग केलं. पुण्या-मुंबईबाहेर राहूनही हे काम होतं, याची तेव्हा खात्री पटली. फरक पडतो तो माईक बिघडल्यावर. पुण्यात दुसरा भाड्यानं मिळतो. यवतमाळातून त्यासाठी नागपूर गाठावं लागतं, दीडशे किलोमीटरच्या आसपास.

यवतमाळात माईकची खरी परीक्षा मे महिन्यात होते. पारा 44-45 अंशांवर जातो, आणि घराघरात कूलर लागतो. वाचताना तो बंद ठेवावाच लागतो, कारण त्याच्या मोटरची घरघर प्रत्येक वाक्याखाली बसते. पण मोटर बंद केली तरी खोलीत भरलेली ओल जात नाही. कंडेन्सर माईकच्या आत काही मायक्रॉन जाडीचा, सोन्याचा मुलामा दिलेला पडदा असतो. त्याच्यात आणि मागच्या तबकडीत विद्युतभार टिकून राहिला तरच आवाज उमटतो. दमट हवेनं हा भार गळू लागला की हेडफोनमध्ये फोडणीसारखी तडतड सुरू होते. पुष्कळांना वाटतं माईक गेला. बहुधा तो गेलेला नसतो. माईक लॅपटॉपला जोडणाऱ्या इंटरफेसवरची, माईकला वीज पुरवणारी 48 व्होल्टची फँटम पॉवर बंद करायची, माईक स्टँडवरून उतरवायचा आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवायचा. हेअर ड्रायरची गरम हवा मारायचा मोह होतो, तो आवरावा. पडद्याचा ताण कायमचा बिघडू शकतो.

तडतडीपेक्षा गुणगुण जास्त छळते. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ही गुणगुण खालच्या पट्टीत येते आणि पुरुषी आवाजात बेमालूम मिसळते. ती शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मला या सगळ्या विद्येचा गाभा वाटतो. घाबरून केबल, पोर्ट आणि सॉफ्टवेअर एकदम बदललं, तर आवाज सुधारूनही दोष कुठे होता ते कळत नाही, आणि तो आठवड्यानं परत येतो. आधी कालची चांगली फाईल ऐकायची. तिच्यातही गुणगुण असेल तर माईकला हात लावू नये. दोष ऐकण्याच्या बाजूला आहे. मग लॅपटॉपचा चार्जर काढायचा. गुणगुण थांबली तर ती अर्थिंगची भानगड. नाही थांबली तर केबल.

केबलमधला दोष टोकापाशी, प्लगच्या बुडाशी सापडतो. रोज गुंडाळताना तार तिथेच वाकते. प्लग उघडला की तीन पिना दिसतात: पहिलीवर शील्ड, दुसरी-तिसरीवर आवाज. शील्डचा टाका सुटला की फँटम पॉवरचा परतीचा रस्ता बंद होतो आणि कंडेन्सर माईक बहुधा मुका होतो. बाहेरून काहीच दिसत नाही. केबल हलवली की क्षणभर आवाज येतो, पुन्हा जातो. हा दोष काही रुपयांच्या सोल्डरनं जातो, आणि तो न ओळखल्यामुळे लोक नवा माईक मागवतात.

लाईन जाण्याची धास्ती मात्र उगाचच घेतली जाते. यूएसबीवर चालणारा इंटरफेस लॅपटॉपच्या बॅटरीवर चालतो. शिवाय लाईन गेली की अख्ख्या गल्लीतले कूलर थांबतात. तेवढी शांतता मेमध्ये दुपारी एरवी मिळत नाही. घाम पुसत दोन पानं वाचून घ्यावीत.

सगळ्यात अवघड प्रसंग वेगळाच. पुस्तक निम्मं झालंय आणि माईक खरंच मेला. पर्यायी माईक हवाच. तो डायनॅमिक जातीचा असावा. त्याला फँटम पॉवर लागत नाही आणि ओलीचा जाच कमी. पण त्यावर वाचलेलं सातवं प्रकरण सहाव्याला जुळत नाही. ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण निवेदक खोली सोडून गेल्यासारखं वाटतं. इक्वलायझरनं ठिगळ लावण्यापेक्षा, बदल करायचाच तर प्रकरणाच्या सुरुवातीपासून करावा, आणि काम देणाऱ्याला तसं आधी कळवावं. तोंड आणि माईक यांतलं अंतर, गेनची खूण, बसण्याची दिशा हे वहीत लिहिलेलं असेल तर दुरुस्त माईक परतल्यावर जुना आवाज पुन्हा गाठता येतो.

आणि दुरुस्तीसाठी दरवेळी नागपूर गाठायची गरज नाही. यवतमाळचा दुर्गोत्सव मोठा. त्या मांडवांना, लग्नांना, कीर्तनांना साऊंड पुरवणारी माणसं गावातच आहेत. रंगमंचावरच्या माईकलाही हीच तीन पिनांची केबल लागते, आणि तिचे टाके ती माणसं डोळे झाकून मारतात. कॅप्सूलचं, म्हणजे माईकच्या आतल्या पडद्याचं, नाजूक काम त्यांना देऊ नये. केबल, प्लग, अडॅप्टर खुशाल द्यावेत. फक्त नवरात्राच्या आधी जावं. त्या दिवसांत त्यांना मान वर करायला फुरसत नसते, आणि गल्लीत एवढा दणका असतो की आपलंही रेकॉर्डिंग पहाटेवरच ढकलावं लागतं.