फुकट नव्हे, मुक्त

संगणक सुरू केला की पडद्यावर आधी जे उजाडते, त्याचा विचार आपण सहसा करत नाही. आपल्याला पत्र लिहायचे असते, तिकीट काढायचे असते, नातवाचा फोटो पाहायचा असतो. या सगळ्याच्या आधी तिथे एक व्यवस्था हजर असते. तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. सरकारी मराठीत तिला 'कार्यप्रणाली' असेही नाव आहे.

मी कवी माणूस, बी.ए.पर्यंत शिकलेला. मला ही गोष्ट कविसंमेलनावरून समजते. व्यासपीठावर वीस कवी बसलेले असतात आणि माइक मात्र एकच असतो. कोणाला कधी बोलवायचे, किती वेळ द्यायचा, कोणी लांबण लावली तर चिठ्ठी कशी सरकवायची, हे सगळे सूत्रसंचालक पाहतो. तो स्वतः कविता वाचत नाही, पण तो नसेल तर कविसंमेलन होत नाही, गोंधळ होतो. संगणकात अनेक प्रोग्रॅम एकाच वेळी प्रोसेसरचा वेळ मागतात, स्मरणातली जागा मागतात, छापणीयंत्र मागतात. त्यांना रांगेत ठेवणारा सूत्रसंचालक म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम.

आज मला अशाच एका प्रणालीच्या नव्या आवृत्तीविषयी बोलायचे आहे. प्रणालीचे नाव डेबियन. तिची तेरावी आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झाली आणि तिचे नाव ठेवले गेले 'ट्रिक्सी'. डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या चित्रपटमालिकेतल्या खेळण्यांची नावे देण्याची रीत आहे. ट्रिक्सी ही त्यातली तीन शिंगांची डायनोसॉर. नाव असे बालिश असले, तरी काम पोक्त माणसांचे आहे.

मालक नसलेले घर

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयान मर्डॉक या तरुणाने १६ ऑगस्ट १९९३ रोजी या प्रकल्पाची घोषणा केली. त्याची तेव्हाची मैत्रीण डेब्रा. 'डेब्रा' आणि 'इयान' मिळून 'डेबियन' झाले. प्रणालीचा गाभा लिनक्स, जो फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली लिहायला घेतला. त्याच्या भोवतीची बरीच साधने रिचर्ड स्टॉलमनने १९८३ साली जाहीर केलेल्या जीएनयू प्रकल्पातून आली. डेबियनची मालकी कोणत्याही कंपनीकडे नाही. जगभरचे स्वयंसेवक ते चालवतात आणि दरवर्षी मतदान करून आपला प्रमुख निवडतात.

'फ्री सॉफ्टवेअर' या शब्दांनी आपल्याकडे मोठा घोटाळा केला आहे. लोकांना वाटते, फ्री म्हणजे फुकट. इंग्रजीला दोन अर्थांसाठी एकच शब्द पुरवावा लागतो. मराठी याबाबतीत श्रीमंत आहे. आपल्याकडे 'फुकट' वेगळे आणि 'मुक्त' वेगळे. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये वापरणाऱ्याला चार मोकळिकी असतात. ते हव्या त्या कामासाठी चालवावे, ते कसे चालते हे उघडून पाहावे आणि बदलावे, त्याच्या प्रती दुसऱ्याला द्याव्यात आणि आपण केलेले बदलही वाटावेत. मिठाई विकत आणणे आणि तिची कृती हाती असणे यात जो फरक आहे, तोच इथे आहे.

ट्रिक्सीत नवे काय?

आधी आकारमान पाहू. या आवृत्तीत ६९,८३० पॅकेजेस आहेत. पॅकेज म्हणजे बांधून तयार ठेवलेला प्रोग्रॅम किंवा त्याचा भाग. त्यांपैकी १४,१००हून अधिक नवी आहेत, ४४,३२६ अद्ययावत केली आहेत आणि कालबाह्य झालेली ८,८४०हून अधिक काढून टाकली आहेत. सगळ्या मजकुराच्या ओळी मोजल्या तर त्या १४६ कोटींवर जातात. जवळपास आपल्या देशात माणशी एक ओळ! बारा ओळींची कविता महिनाभर खोडत बसणाऱ्या माझ्यासारख्याला हा आकडा नम्र करतो.

गाभ्यात लिनक्सची ६.१२ ही दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती आहे. पडद्याची मांडणी आपण निवडायची. नोम ४८, केडीई प्लाझ्मा ६.३, आणि यंत्र अशक्त असेल तर एक्सएफसीई ४.२० किंवा एलएक्सक्यूटी २.१. पत्रे आणि हिशेब यांसाठी लिबरऑफिस २५.२ आहे. सुरक्षेच्या दुरुस्त्या पहिली तीन वर्षे पूर्ण स्वरूपात आणि पुढची दोन वर्षे दीर्घकालीन आधार म्हणून, अशा एकूण पाच वर्षे मिळायच्या आहेत.

एक बदल लहान पण लक्षात ठेवण्याजोगा. प्रोग्रॅम आपली कच्ची टिपणे ठेवण्यासाठी 'टीएमपी' नावाचा कप्पा वापरतात. ट्रिक्सीत हा कप्पा तबकडीवर न राहता संगणकाच्या स्मरणात राहतो. त्यामुळे काम जलद होते, पण संगणक बंद केला की पाटी कोरी. नव्याने बसवलेल्या प्रणालीत तर त्या कप्प्यातल्या दहा दिवसांहून जुन्या फायली आपोआप पुसल्या जातात. तेव्हा लेखक मंडळींनी आपली हस्तलिखिते तिथे ठेवू नयेत.

अडतीस सालची ती सकाळ

आता या आवृत्तीतल्या सर्वांत मोठ्या कामाकडे येतो. संगणक तारीख आपल्यासारखी लक्षात ठेवत नाही. या घराण्यातले संगणक १ जानेवारी १९७०च्या ग्रीनिच मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले, तेवढेच मोजतात. हा आकडा ठेवायला पूर्वी ३२ घरांची पट्टी दिलेली होती. त्यातले एक घर अधिक-उणे चिन्हात जाते. उरलेल्या घरांत जास्तीत जास्त २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ एवढी संख्या मावते. इतके सेकंद पूर्ण होतील १९ जानेवारी २०३८ रोजी. आपल्याकडे तेव्हा सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झालेले असतील. पुढच्या सेकंदाला जागा नाही. जुन्या पद्धतीचे घड्याळ तिथून उलटून थेट डिसेंबर १९०१मध्ये जाऊन पडेल.

कोणी म्हणेल, अजून अवकाश आहे. पण आज वीस वर्षांच्या मुदतीचे गृहकर्ज घेणाऱ्याचा शेवटचा हप्ता त्या तारखेच्या पलीकडे आहे. शिवाय हा प्रश्न टेबलावरच्या संगणकापुरता नाही. आजचे ६४ बिटांचे संगणक या अडचणीतून आधीच सुटलेले आहेत. खरी काळजी लहान यंत्रांची, म्हणजे ३२ बिटांच्या चिपवर चालणाऱ्या नियंत्रकांची आणि उपकरणांची. एकदा भिंतीत किंवा कारखान्यात बसवले की पंधरा-वीस वर्षे त्यांच्याकडे कोणी पाहत नाही.

डेबियनने ट्रिक्सीत अशा लहान एआरएम चिपसाठीही वेळेची पट्टी ६४ घरांची केली. ऐकायला सोपे वाटते. पण एका प्रोग्रॅमने नवी पट्टी धरली आणि त्याच्या शेजाऱ्याने जुनी, तर दोघांचा संवाद तुटतो. म्हणून हजारो पॅकेजेस एकमेकांशी मेळ घालत नव्याने बांधावी लागली. आता हे घड्याळ सुमारे २९२ अब्ज वर्षे पुरेल. आपल्यानंतर येणाऱ्यांच्या सोयीसाठी, कोणी आभार मानणार नाही हे ठाऊक असताना केलेले हे काम आहे. वाटेवर झाड लावून पुढे गेलेल्या माणसासारखे.

कोणाला आत घेतले, कोणाला निरोप दिला

ट्रिक्सीने एका नव्या पाहुण्याला अधिकृत जागा दिली. त्याचे नाव रिस्क-फाइव्ह. ही चिपची भाषा आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात २०१० साली तिची सुरुवात झाली. ती कोणालाही परवाना-शुल्क न देता वापरता येते. आपल्याकडे आयआयटी मद्रासची 'शक्ती' आणि सी-डॅकची 'वेगा' ही प्रोसेसरची कुटुंबे याच भाषेवर उभी आहेत. प्रोग्रॅम मुक्त आणि त्याखालची चिपची भाषाही मुक्त, असा योग जुळतो आहे.

पण एका जुन्या माणसाला निरोपही दिला गेला. ३२ बिटांच्या जुन्या पीसीवर ट्रिक्सी बसवता येत नाही. त्यासाठीचा गाभा आणि बसवण्याची तबकडी, दोन्ही आता मिळत नाहीत. तालुक्याच्या गावी एखाद्या वाचनालयात, शाळेच्या कोपऱ्यात, आवरण घालून जपलेला असा संगणक अजून सापडतो. त्याच्यासाठी आधीची 'बुकवर्म' ही आवृत्ती आहे. तिचा दीर्घकालीन आधार ३० जून २०२८पर्यंत जाहीर झालेला आहे. त्यानंतर मात्र पर्याय शोधावा लागेल.

मला हे दुःख वाटते, आणि ते लपवण्याचे कारण नाही. मुक्त प्रणाली जुनी यंत्रे जगवते, हा तिचा लौकिक आहे. तरी न्यायाने बोलायचे तर दुसरी बाजूही पाहावी. विंडोज १०चा सर्वसाधारण मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि ६४ बिटांची कितीतरी धडधाकट यंत्रे विंडोज ११च्या अटीत न बसल्यामुळे भंगाराच्या वाटेवर आली. त्यांपैकी बहुतेक यंत्रे डेबियनवर कामाला लागू शकतात.

अर्ध्या सेकंदाची गोष्ट

ट्रिक्सी घडत असतानाच मुक्त सॉफ्टवेअरची एक कठोर परीक्षा झाली. फायली आवळून लहान करणारे 'एक्सझेड' नावाचे साधन आहे. त्याची देखभाल करणाऱ्या स्वयंसेवकाला मदत करण्याच्या मिषाने कोणी एक जण टोपणनावाने आला. दोन-एक वर्षे चांगले काम करून त्याने विश्वास कमावला आणि २०२४च्या सुरुवातीला त्यात एक चोरदार बसवले. ते पसरले असते तर परक्याला जगभरच्या असंख्य यंत्रांत शिरता आले असते.

ते पकडले आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. त्याच्या लक्षात आले, की दूरच्या यंत्रात प्रवेश करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. त्याने हा अर्धा सेकंद सोडून दिला नाही. माग काढत तो मुळापर्यंत गेला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने जगाला सावध केले. डेबियनच्या चाचणीच्या शाखेत तो दूषित भाग पोचला होता, पण लोकांच्या वापरातल्या स्थिर आवृत्तीत पोचला नव्हता. डेबियन घाई करत नाही, म्हणून तिला नावे ठेवली जातात. त्या दिवशी तिचा संथपणा कामी आला.

या गोष्टीतून मी दोन अर्थ काढतो. दार उघडे होते म्हणून चोर आत आला, हे खरे. पण घर उघडे होते म्हणूनच शेजाऱ्याला आत डोकावून चोर पकडता आला, हेही तितकेच खरे. ट्रिक्सीत 'पुन्हा तसेच घडवता येण्या'च्या कामावर जो भर आहे, तो याच काळजीतून. दिलेल्या कृतीवरून कोणीही पॅकेज बांधले, तर ते अधिकृत पॅकेजशी अक्षरशः जुळले पाहिजे. जुळले नाही तर स्वयंपाकघरात कोणी हात घातला आहे का, हे तपासायचे. याने प्रत्येक चोरी पकडली जाईल असे नाही. पण भरवसा शब्दावर न ठेवता पडताळ्यावर ठेवता येतो.

हर्फ आणि अक्षर

शेवटी माझ्या जिव्हाळ्याचा विषय. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' या दोन वाक्यांत फरक केवढा! पहिल्याने गुरुजी येतील, दुसऱ्याने स्वयंपाकी. तो फरक त्या चिमुकल्या अर्ध्या 'ऱ'वर उभा आहे. 'दऱ्या', 'वाऱ्यावर', 'किनाऱ्याला' हे शब्द त्याच्याशिवाय मराठी राहत नाहीत. पडद्यावर हे अक्षर नीट जुळवून देणारे जे मुक्त साधन डेबियनमध्ये आहे, त्याचे नाव 'हार्फबझ'.

आमच्या घरात मराठीच्या बरोबरीने उर्दूचा वावर. त्यामुळे हे नाव वाचताच मी थबकलो. हर्फ म्हणजे अक्षर आणि फारसीत 'बाज' म्हणजे उघडे. उघडे अक्षर! ते घडवण्यात मोठा वाटा असलेले बेहदाद इस्फाहबोद हे मूळचे इराणचे. हेच साधन उर्दूच्या नस्तालीकचे उतरते वळण जुळवते आणि हेच माझ्या मराठीचा अर्धा 'ऱ'ही. फायरफॉक्स, लिबरऑफिस आणि तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोनही तेच वापरतात. दोन लिप्यांत वाढलेल्या माणसाला यापरता आनंद कोणता?

डेबियन बसवताना प्रश्न मराठीतून विचारले जावेत, अशीही सोय आहे. मात्र ही भाषांतरे आकाशातून पडत नाहीत. कोणीतरी रात्री जागून एकेक वाक्य मराठीत आणलेले असते. पुढच्या आवृत्तीत नवी वाक्ये येतात आणि त्यांनाही मराठी करणारा कोणी लागतोच. इथे प्रोग्रॅम लिहिता येण्याची अट नाही. चांगले मराठी येणारा शिक्षक, निवृत्त कारकून, कॉलेजातली मुलगी, कोणीही हे काम करू शकते. भाषेविषयीची आपली तक्रार मोठी असते. हे काम त्या मानाने लहान आहे.

ज्यांना ट्रिक्सी पाहायची असेल त्यांनी एकदम जुने पुसून नवे बसवू नये. 'लाइव्ह' प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन संगणक तिच्यावरून सुरू करावा. तबकडीला हात न लावता सगळे पाहता येते. आपला प्रिंटर चालतो का, आवाज येतो का, दुकानाच्या हिशेबाचा प्रोग्रॅम इथे चालणार आहे का, हे तपासावे. चालत नसेल तर हट्ट धरू नये. आणि बसवायचे ठरलेच, तर आधी आपल्या फायलींची दुसरी प्रत काढून ठेवावी.

वापरा किंवा वापरू नका, एवढे मात्र ध्यानात असू द्या. ज्या यंत्रावर आपली पत्रे, आपले पैसे आणि आपली भाषा विसंबून आहे, ते आतून कसे चालते हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. तो हक्क जपून ठेवणारी माणसे जगात आहेत, आणि त्यांच्या पंगतीत मराठी माणसासाठीही पान मांडलेले आहे.