झाडं कापणाऱ्या ‘त्या’ यंत्राच्या काचा इतक्या जाड का असतात?

रील्स स्क्रोल करताना तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. मोठ्या चाकांचं एक यंत्र उंच झाडाला बुंध्याजवळ पकडतं, क्षणात कापतं, आडवं करतं, फांद्या सोलून काढतं आणि खोडाचे सारख्या मापाचे ओंडके पाडतं. हे सगळं एका मिनिटाच्या आत. ऑपरेटर मात्र एसी केबिनमध्ये बसून दोन जॉयस्टिक हलवत असतो.

या यंत्राला हार्वेस्टर म्हणतात. फिनलंड, स्वीडन, कॅनडा, अमेरिका, न्यूझीलंड अशा देशांत, जिथे लाकडासाठी जंगलं लावली आणि तोडली जातात, तिथे ते सर्रास दिसतं. आता तोच व्हिडिओ पुन्हा पाहा. यंत्राच्या आसपास सहसा एकही माणूस दिसत नाही आणि केबिनची समोरची खिडकी नेहमीच्या काचेपेक्षा बरीच जाड असते. या दोन्ही गोष्टींमागे एकच कारण आहे.

आधी हे काम किती धोक्याचं आहे ते पाहू

अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीनुसार २०२३ मध्ये तिथे सर्व क्षेत्रं मिळून दर एक लाख कामगारांमागे साधारण ३.५ जणांचा कामावर मृत्यू झाला. झाडतोड करणाऱ्यांमध्ये हा आकडा जवळपास ९९ होता. न्यूझीलंडमध्ये २०१३ या एका वर्षात जंगलात काम करणाऱ्या १० जणांचा जीव गेला. त्यानंतर तिथे या क्षेत्राची स्वतंत्र चौकशी झाली.

सगळ्यात जास्त धोका असतो तो हातात चेनसॉ घेऊन झाडाखाली उभ्या असलेल्या माणसाला. त्यामुळे उपाय ठरला, माणसाला जमिनीवरून उचलून पोलादी केबिनमध्ये बसवायचं. यंत्र उलटलं तरी चेपणार नाही, वरून फांदी पडली तरी टिकेल, अशी ही केबिन बनवलेली असते. तीव्र उतारावर तर यंत्राला वायर-रोपने वरच्या बाजूला बांधून काम केलं जातं.

पण यंत्राने जुना धोका कमी करताना एक नवा धोका आणला.

साखळीचा तुकडा, बंदुकीच्या गोळीसारखा

हार्वेस्टरच्या डोक्यात एक मोठी करवत असते. तिची साखळी सेकंदाला ४० मीटरपर्यंत वेगाने फिरते, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. अशी साखळी तुटली की तिचं मोकळं टोक आसुडासारखं फटकतं. आसुडाचा वेग टोकाला सगळ्यात जास्त असतो, तसंच इथेही होतं. त्या झटक्यात टोकाचा एखादा लोखंडी तुकडा सुटतो आणि गोळीसारखा उडतो. याला ‘चेन शॉट’ म्हणतात. हा तुकडा साधी काच सहज फोडू शकतो.

म्हणून समोरची खिडकी काचेची नसून जाड पॉलिकार्बोनेटची असते. तुकडा प्रामुख्याने करवतीच्या पात्याच्या रेषेत उडतो, त्यामुळे ते पातं कधीही केबिनकडे किंवा माणसांकडे रोखायचं नाही, हा पहिला नियम. बाकीच्यांनी किती लांब थांबायचं, ते अंतर यंत्रावरच लिहिलेलं असतं.

आता मुद्दा देखभालीचा. साखळी बोथट असेल, सैल असेल, तिला तेल कमी पडत असेल किंवा एखाद्या कडीला तडा गेला असेल, तर ती तुटण्याची शक्यता वाढते. खिडकीचंही तसंच. पॉलिकार्बोनेट डिझेल, थिनरने पुसलं तर कमकुवत होतं. ऊन आणि ओरखड्यांनीही त्याची ताकद घटते. ते साबणाच्या पाण्याने धुवायचं आणि तडा दिसला की बदलायचं.

यंत्र बंद केलं म्हणजे धोका संपला?

नाही. केबिन ऑपरेटरला वाचवते, पण तो आत असेपर्यंतच. दार उघडून तो खाली उतरला की वेगळे धोके सुरू होतात.

आग: सुकी पानं, साल, भुसा इंजिनभोवती साचतो. त्यात हायड्रॉलिक तेलाची गळती आणि गरम सायलेन्सर एकत्र आले की आग लागते. इंजिन बंद केल्यावर पंखाही थांबतो आणि आतली उष्णता काही काळ वाढते, त्यामुळे काम संपल्यावरही आग लागू शकते. म्हणून रोज कचरा साफ करायचा, बॅटरीचा मुख्य स्विच बंद करायचा आणि यंत्र सोडून लगेच निघून जायचं नाही.

तेलाचा दाब: हायड्रॉलिक पाइपला सुईएवढं भोक पडलं तरी तेल इतक्या जोराने बाहेर येतं की ते कातडीत घुसतं. वरून फक्त काटा टोचल्यासारखं दिसतं, सुरुवातीला फार दुखतही नाही. आत मात्र मांस सडू लागतं आणि बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. त्यामुळे गळती हाताने चाचपायची नाही, पुठ्ठा धरून शोधायची. तेल घुसल्याची शंका आली तरी तासाभराचीही वाट न पाहता हॉस्पिटल गाठायचं आणि ‘दाबाखालचं तेल घुसलंय’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं.

अधांतरी भाग: अमेरिकेच्या नियमांनुसार ऑपरेटरने सीट सोडण्याआधी ब्रेक लावून यंत्राचे हलणारे भाग जमिनीवर टेकवायला हवेत. वर राहिलेलं अवजार पाइप फुटताच खाली येतं. दुरुस्ती करताना चावी काढून दुरुस्ती करणाऱ्याने स्वतःजवळ ठेवायची, म्हणजे दुसरा कुणी चुकून स्टार्टर मारणार नाही.

चढ-उतार: चिखल आणि तेलाने पायऱ्या निसरड्या होतात. दोन पाय-एक हात किंवा दोन हात-एक पाय, असे तीन आधार कायम धरायचे. उडी मारायची नाही. यंत्र उलटत असतानाही नाही. बेल्ट लावून आत बसून राहणंच सुरक्षित, कारण बाहेर उडी मारणारा यंत्राखाली सापडू शकतो.

आपला याच्याशी काय संबंध?

महाराष्ट्रात असे हार्वेस्टर दिसत नाहीत, पण जेसीबी आणि पोकलेन गावोगावी आहेत. ऊसतोडणी यंत्रंही फडात उतरली आहेत. बकेट वर ठेवून तिच्याखाली ग्रीसिंग करणं, इंजिन चालू ठेवून अडकलेला ऊस हाताने ओढणं, इंजिनजवळ पाचट साचू देणं, या सवयींमधला धोका अगदी तोच आहे.

त्यामुळे गावात किंवा शेतात असं यंत्र आलं, तर बघायला जवळ जाऊ नका आणि मुलांनाही जाऊ देऊ नका. घरातलं कुणी असं यंत्र चालवत असेल, तर त्यांना एवढंच सांगा: खाली उतरण्याआधी बकेट जमिनीवर, इंजिन बंद आणि चावी खिशात.