स्कॅन नॉर्मल, तरी खेळ बंद

ऑक्टोबर २००६. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात शाळेच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यात १३ वर्षांच्या झॅकरी लायस्टेटचं डोकं जमिनीवर आपटलं. थोडा वेळ बाहेर बसून गडी उत्तरार्धात पुन्हा उतरला आणि सामना संपताच कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. २००९ मध्ये त्याच्याच नावाने कायदा झाला: शंका आली की खेळाडू मैदानाबाहेर, परतायचं तर वैद्यकीय परवानगी, तीही लेखी.

इतकी वाईट गत क्वचितच होते. कन्कशन, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूचं काम बिघडणं, मात्र मुलांच्या खेळात सर्रास होतं. त्यात शुद्ध हरपतेच असं नाही. बहुतेकांची हरपत नाही. मूल तोच प्रश्न पुन्हा विचारतं, उजेड नकोसा होतो, मळमळतं. सीटी स्कॅन बहुधा स्वच्छच येतो, कारण बिघाड रचनेत नसून कामकाजात असतो. पेशींतलं पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं. ही घडी पुन्हा बसवायला जादा ऊर्जा लागते आणि नेमका तेव्हाच रक्तपुरवठा मंदावतो. त्यात दुसरा मार बसला तर दुखणं लांबतं.

‘बरं वाटतंय ना?’ हे मुलाला विचारण्यात अर्थ नाही. संघातली जागा जाईल या धास्तीने तो ‘हो’ म्हणणारच!

अंधाऱ्या खोलीत दिवसेंदिवस झोपवून ठेवणंही आता मागे पडलंय. एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइल कमी, मग चालणं-फिरणं. आधी शाळा, नंतर पायरीपायरीने खेळ. महिनाभरही लागू शकतो. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा फीट असेल तर मात्र तडक रुग्णालय गाठायचं.